कादंबरी आधी की सिनेमा आधी? सोलापुरी वाचकांना एक प्रश्न

दक्षिण_कसबा

मंडळी, जुळे सोलापुरात आमचा एक वाचनकट्टा आहे. महिन्यातून एका रविवारी कुणाच्या तरी गच्चीवर जमायचं, ठरलेलं पुस्तक वाचून यायचं आणि मनसोक्त बोलायचं. हल्ली कॉलेजची पोरंही यायला लागलीत. त्यांनी सुचवलं की एक कादंबरी सगळ्यांनी वाचू आणि मग तिच्यावरचा सिनेमा एकत्र बसून बघू. पहिलंच नाव निघालं 'शाळा', आणि तिथंच दोन तट पडले.

माझं मत सांगतो. मिलिंद बोकीलांचं पुस्तक म्हणजे मुकुंद जोशीचं बोलणं. थोरल्या बहिणीला अंबाबाई म्हणणारा, सुऱ्या-चित्र्या-फावड्यासोबत अर्धवट बांधलेल्या बिल्डिंगवर बसणारा, वर्गातल्या शिरोडकर नावाच्या मुलीच्या एका कटाक्षावर अख्खा दिवस काढणारा हा पोरगा आपल्या कानाशी बोलतो. मास्तर लोकांविषयी, आणीबाणीविषयी, घरच्यांविषयी तो मनात जे म्हणतो त्यातच खरी मजा. 2012 साली सिनेमा आला तेव्हा मी हौसेनं गेलो. चित्रीकरण देखणं, पोरांची कामं सुरेख. पण पुस्तकात मी जोशीच्या आत बसलो होतो, सिनेमात मी त्याच्या समोर बसलो. ते अंतर मला शेवटपर्यंत कापता आलं नाही.

तर दोन गोष्टी विचारायच्यात. आवडती कादंबरी पडद्यावर बघून तुमचं काय झालं? आणि आमच्या कट्ट्यासाठी पुस्तक-सिनेमाची कुठली जोडी घ्यावी?

होटगी_रोड

पुस्तक आधी. विषय संपला.

हुरडा_पार्टी

संपला कुठं ओ, आता तर सुरू झाला की!

सात_रस्ता

दादा, तुमच्या मुद्द्याचा आदर आहे, पण 'शाळा'ला रूपांतरित पटकथेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालाय. म्हणजे पुस्तकावरून पटकथा करण्याचंच काम तिथं वाखाणलं गेलं. मी आधी सिनेमा बघितला, दहावीत असताना, आणि मग पुस्तक वाचलं. मला अंतर वगैरे काही जाणवलं नाही. शिरोडकर आपल्याच वर्गात बसल्यासारखी वाटली. ज्यांनी आधी वाचलंय त्यांनाच सगळा त्रास होतो असं माझं निरीक्षण आहे.

ग्रंथपाल_काकू

मी बरीच वर्षं वाचनालयाच्या देवघेव खिडकीत बसले, त्यामुळे या प्रश्नाची दुसरी बाजू रोज बघितली. सिनेमा आला की पुस्तक हलतं. 2013 मध्ये 'दुनियादारी' लागला आणि सुहास शिरवळकरांची जी प्रत कपाटात निवांत बसलेली असायची तिच्यासाठी नंबर लावायची वेळ आली. आयुष्यात वाचनालयाची पायरी न चढलेली पोरं "काकू, दुनियादारी आली का?" विचारायची. त्यातल्या काहींनी तेवढंच वाचून कार्ड बंद केलं, हे खरं. पण एक मुलगी त्यानंतर शिरवळकरांची आमच्याकडची सगळी पुस्तकं संपवून तिथून जी. ए. कुलकर्णींच्या कथांपर्यंत पोचली. सिनेमानं पुस्तक बिघडवलं म्हणणाऱ्यांना मी त्या मुलीचं कार्ड दाखवायची.

आता चेहऱ्यांविषयी. रणजित देसाईंची 'स्वामी' 1962 ची. आमच्या घरात तिची पारायणं झाली होती आणि माझ्या मनात माधवराव पेशव्यांचा एक चेहरा पक्का होता. मग दूरदर्शनवर गजानन जागीरदारांची मालिका आली. रवींद्र मंकणी माधवराव, आणि रमाबाई म्हणजे तेव्हाच्या मृणाल देव, शाळकरी वयाच्या. दोन-तीन भागांत माझा मनातला चेहरा गेला तो कायमचा. आज आठवू म्हटलं तरी आठवत नाही. पण मला त्याचं वाईट वाटलं नाही. नंतर 'स्वामी' परत वाचली तेव्हा थेऊरच्या, म्हणजे माधवरावांच्या अखेरच्या दिवसांच्या, प्रकरणात तेच दोघं दिसले आणि मी जास्त रडले.

दक्षिण कसबा, तुमचं दुःख मला कळतं. फक्त एवढंच म्हणेन की 'स्वामी' बाहेरून सांगितलेली गोष्ट आहे, 'शाळा' आतून. बाहेरून सांगितलेल्या गोष्टीला चेहरा मिळाला तर ती वाढते.

होटगी_रोड

काकू, हे आवडलं. तरीही पुस्तक आधी.

भीमाकाठ

काकूंनी बाहेरून-आतून म्हटलं तेच पुढे नेतो. माझ्या मते मराठीतलं सगळ्यात हुशार रूपांतर म्हणजे 'सिंहासन', 1979. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्या, 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन'. तेंडुलकरांनी दोन्ही मिळून एक पटकथा केली आणि जब्बार पटेलांनी सिनेमा. (जब्बारसाहेब पंढरपुरात जन्मलेले, आपल्या हरिभाई देवकरण प्रशालेत शिकलेले. सोलापूरकरांनी हे छाती फुगवून सांगायला पाहिजे.)

दोन जाड कादंबऱ्या अडीच तासांत कशा बसवणार? मंत्री, युनियनवाले, स्मगलर, झोपडपट्टी, वर्तमानपत्राचं ऑफिस. वाचकाला वाटेल की हे सगळं गाळावं लागणार. त्यांनी काय केलं, तर दिगू टिपणीसला धरलं. पत्रकार असल्यामुळे तो मुख्यमंत्र्यांच्या बंगल्यावरही जाऊ शकतो आणि रस्त्यावरही. निळू फुल्यांचा तो मिटलेला, थकलेला चेहरा घेऊन आपण सगळीकडे फिरतो. अरुण सरनाईकांचा मुख्यमंत्री आणि लागूंचा विश्वासराव दाभाडे एकमेकांकडे कसे बघतात, ते टिपणीस बघतो म्हणून आपल्याला दिसतं. आणि शेवटी टिपणीस वेड्यासारखा हसत सुटतो. साधूंनी पानंच्या पानं लिहिलेला राजकारणाचा उबग त्या एका हसण्यात येतो.

म्हणून माझं म्हणणं असं: पुस्तकातलं सगळं आणायला गेलेला सिनेमा बुडतो. ज्यानं एक दोरा पक्का धरला आणि बाकीचं धीरानं सोडलं, तो तरतो. राजन गवसांच्या 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' या दोन कादंबऱ्यांवरून 'जोगवा' झाला, तिथंही हेच दिसतं.

हुरडा_पार्टी

भीमाकाठ, तुम्ही प्राध्यापक आहात का हो? वही काढून लिहून घ्यावंसं वाटलं.

भीमाकाठ

नाही, माझं खताचं दुकान आहे. गिऱ्हाईक दुपारी नसतं, तेव्हा वाचतो.

पद्मनगर

माझं जरा वेगळं आहे, लांब लिहितो.

आमचं घर तेलुगू. बाबा यंत्रमागावर, अम्मा विड्या वळायची. अम्माला मराठी बोलता येतं, तुमच्याइतकंच चांगलं, पण वाचता येत नाही. 'पुस्तक आधी' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की अर्ध्या सोलापूरला पुस्तक आधी मिळत नाही. अम्मासाठी मराठी गोष्टी म्हणजे सिनेमा आणि गड्ड्याच्या जत्रेत ऐकलेलं काहीबाही, बस्स.

'नटरंग' 2010 च्या सुरुवातीला लागला. मी तेव्हा कॉलेजला. अम्माला आणि मावशीला घेऊन गेलो. थिएटरात लावण्यांवर शिट्ट्या, लोक उभे राहून नाचतायत, आणि अम्मा गप्प. मला वाटलं आवडला नाही. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी विड्या वळताना तिनं विचारलं, "तो गुणा तमाशा घेऊन गावोगाव फिरत होता, तेवढे दिवस त्याच्या बायकोनं घर कसं चालवलं?"

मला उत्तर देता आलं नाही. सिनेमात तिला जागा फार कमी आहे. मग मी आनंद यादवांची कादंबरी आणली आणि रोज संध्याकाळी मोठ्यानं वाचायला लागलो. अम्मासमोर सूप, सुपात तंबाखू, भिजवून कापलेली पानं एका बाजूला. पान घ्यायचं, चिमूट टाकायची, वळायचं, टोक मुडपायचं, दोरा गुंडाळायचा. हात चालू, कान माझ्याकडे. गुणाच्या घरच्या हलाखीचं काही आलं की तिचे हात थांबायचे. कागलकडची भाषा तिला काही ठिकाणी अडायची, मग मी तेलुगूत सांगायचो. कारखान्यात विड्या पोचवायची वेळ झाली तरी "एवढं पान संपव" म्हणायची.

संपल्यावर म्हणाली, सिनेमात शेवटी त्याला बक्षीस देतात ते तिला बरं वाटलं होतं, पण पुस्तकातलं खरं वाटतं.

सिनेमा नसता तर अम्मानं तो प्रश्न विचारलाच नसता आणि मी ते पुस्तक आणलंच नसतं. त्यामुळे आमच्या घरी तरी सिनेमा आधी.

ग्रंथपाल_काकू

पद्मनगर, तुमच्या अम्मांना माझा नमस्कार सांगा. असं ऐकणारं माणूस मिळायला लेखकाचं भाग्य लागतं.

मंगळवेढा_ज्वारी

'नटरंग'च्या शेवटाचा विषय निघालाच आहे तर बोलतोच. मला तो बक्षीस समारंभ आजही खुपतो. पैलवान अंगाचा शेतमजूर, राजाची भूमिका करायची स्वप्नं बघणारा, कलेपायी नाच्या होतो आणि त्याची किंमत त्याला मोजावी लागते. ती किंमत हीच तर कादंबरी! सिनेमानं टाळ्या वाजवून ती चुकती करून टाकली. यादवांनी वाचकाला तो दिलासा दिलेला नाही.

सात_रस्ता

मला पटत नाही. अतुल कुलकर्णींनी त्या भूमिकेसाठी आधी पैलवानाचं शरीर कमावलं आणि मग ते उतरवलं. त्या शरीरात झालेला बदल बघणं हीच किंमत दिसणं आहे. पुस्तकात वर्णन वाचतो, इथं खांदे उतरलेले डोळ्यांनी दिसतात. शेवट गोड केला म्हणून आधीचं पुसलं जात नाही.

आणि ते पण आपल्या सोलापूरचेच, इथल्याच हौशी रंगभूमीवर घडलेले. जब्बारसाहेबांसाठी छाती फुगवताना यांनाही मोजा.

मंगळवेढा_ज्वारी

अतुल कुलकर्णींच्या कामाबद्दल दुमत नाहीच. शेवट लिहिणाऱ्याशी माझं भांडण आहे. अम्मांनी माझीच बाजू घेतलीय, बघा.

अक्कलकोट_वेस

आमच्याकडे कन्नड आणि मराठी दोन्ही चालतं, म्हणून सीमेपलीकडचं थोडं. यू. आर. अनंतमूर्तींच्या 'संस्कार'वर 1970 मध्ये सिनेमा आला, प्राणेशाचार्यांच्या भूमिकेत गिरीश कार्नाड. आधी सेन्सॉरनं अडवला, नंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. प्लेगच्या साथीत अग्रहारात, म्हणजे ब्राह्मणवस्तीत, एक प्रेत पडून आहे आणि अग्नी कोण देणार यावर शास्त्रार्थ चाललाय. पुस्तकात प्राणेशाचार्यांच्या मनातली घालमेल फार लांब चालते. सिनेमा ती घालमेल बोलून दाखवत नाही. माणसं, घरं, वर घिरट्या घालणारी गिधाडं दाखवतो.

दक्षिण कसबा, तुमचा 'आतून-बाहेरून'चा प्रश्न तिथंही होता आणि त्यांनी तो सोडवला. म्हणजे आतली गोष्ट पडद्यावर येतच नाही असं नाही. भैरप्पांच्या 'वंशवृक्ष'वरही 1972 मध्ये कारंत आणि कार्नाडांनी मिळून सिनेमा केला. उमा कुलकर्णींचा मराठी अनुवाद मिळतो, वाचून मग बघा.

उजनी_बॅकवॉटर

लेखकांना काय वाटतं हेही बघा की. आर. के. नारायण यांना त्यांच्या कादंबरीवरचा 'गाइड' अजिबात रुचला नव्हता, त्यावर त्यांनी वैतागून लेखच लिहिला. त्यांचं मालगुडी म्हणजे साधं गाव, आणि सिनेमा गेला उदयपूरच्या राजेशाही थाटात. लोकांनी मात्र सिनेमा डोक्यावर घेतला, आजही गाणी ऐकतात. कोलंबियाचा लेखक मार्केझ, त्यानं तर 'वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड' हयातभर सिनेमावाल्यांच्या हाती लागू दिली नाही. त्याच्या पश्चात घरच्यांनी परवानगी दिली तीही स्पॅनिशमध्ये आणि कोलंबियात करायच्या बोलीवर. 2024 च्या शेवटी मालिका आली. मी बघितली, आवडली. अशा पुस्तकाला दोन तास पुरलेच नसते. मोठ्या कादंबऱ्यांना आता मालिकाच योग्य.

हुरडा_पार्टी

मग मराठीत कुणीतरी नेमाड्यांच्या 'कोसला'तला पांडुरंग सांगवीकर घ्या की दहा भागांत!

होटगी_रोड

नको. 'कोसला'ला हात लावू नका. हात जोडून सांगतो.

भीमाकाठ

होटगी रोडशी पहिल्यांदाच शंभर टक्के सहमत.

सात_रस्ता

जरा विषयांतर करतो, माफ करा. मराठी सिनेमा लागला की आपल्याकडे त्याला सकाळचा नाहीतर रात्री उशिराचा खेळ मिळतो. पुस्तकावरच्या सिनेमाचा प्रेक्षक म्हणजे बऱ्याचदा काकूंच्या वयाचे वाचक. रात्री बारा वाजता ते घरी कसे जाणार, रिक्षा मिळते का? एका मल्टिप्लेक्समध्ये मी स्वतः विचारलं, तर म्हणे गर्दी नाही म्हणून वेळ अशी. वेळ अशी असेल तर गर्दी होणार कशी?

उजनी_बॅकवॉटर

+1. आम्ही करमाळ्याकडून येतो. रात्रीचा खेळ संपल्यावर एसटीच नाही.

ग्रंथपाल_काकू

अजून एक आठवलं. 'श्यामची आई'. सानेगुरुजींनी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं आणि 1953 मध्ये अत्र्यांनी सिनेमा केला. राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले त्याच वर्षी त्याला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक. पायाला घाण लागू नये म्हणून जपतोस तसं मनाला जप, हे वाक्य आमच्या पिढीला वनमालाबाईंच्या आवाजातच ऐकू येतं. 2023 मध्ये सुजय डहाकेंनी पुन्हा केला, तोही कृष्णधवल. एकाच पुस्तकावर सत्तर वर्षांच्या अंतरानं दोन सिनेमे. कट्ट्यासाठी हाही पर्याय ठेवा. सानेगुरुजींनी 1947 च्या मे महिन्यात पंढरपुरात विठ्ठल मंदिर सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून उपोषण केलं होतं. आपल्या जिल्ह्याशी त्यांचं नातं असं आहे, पोरांना तेही सांगता येईल.

हुरडा_पार्टी

काकू, पोरं रडतील ओ गच्चीवर.

ग्रंथपाल_काकू

रडू देत की. पुस्तक वाचून रडलेली पोरं मला फार आवडतात.

सांगोला_डाळिंब

उशिरा आलो, सगळे प्रतिसाद वाचले. धागाकर्त्यांनी जोडी मागितलीय, माझ्याकडून एकच नाव: 'बनगरवाडी'. व्यंकटेश माडगूळकरांची कादंबरी 1955 ची, अमोल पालेकरांचा सिनेमा 1995 चा.

कारण सांगतो. एक तर पुस्तक बारीक आहे, कॉलेजच्या पोरांना दोन बैठकांत संपतं. दुसरं म्हणजे हा आमचा मुलूख. माणदेश, धनगरांची वस्ती, खडकाळ माळ. कोवळ्या वयाचा मास्तर पहाटे चालत त्या गावात येतो, पोरं शाळेत यावीत म्हणून धडपडतो, म्हाताऱ्या कारभाऱ्याचा विश्वास कमावतो. आयबू, आनंदा रामोशी, तो वाकडा चालणारा दादू बालट्या. एकेक माणूस चार ओळींत उभा राहतो. बैल नाही म्हणून शेकूची बायको दुसऱ्या बैलाच्या जोडीला स्वतः औताला खांदा देते, ते वाचल्यावर मी पुस्तक मिटून बाहेर जाऊन आलो होतो. मग तालीम उभी राहते, राजा येतो, गावाला बरे दिवस येतायत असं वाटेपर्यंत पाऊस तोंड फिरवतो आणि वस्ती मेंढरं घेऊन जगायला निघून जाते.

दक्षिण कसबा, तुमच्या प्रश्नासाठीही हीच जोडी योग्य. ही कादंबरीसुद्धा 'मी'च सांगतो, मास्तर. पण हा मी 'शाळा'तल्या जोशीसारखा स्वतःविषयी फार बोलत नाही, तो गाव बघतो. सांगणारा बघत असेल तर कॅमेऱ्याला त्याच्या जागी उभं राहता येतं. सांगणारा मनातल्या मनात बोलत असेल तर कॅमेऱ्याला जागा सापडत नाही. मला तरी फरक इथं दिसतो.

दक्षिण_कसबा

सांगोला, तुमचा शेवटचा परिच्छेद वाचून बरंच सुटल्यासारखं झालं. भीमाकाठांचा दिगू टिपणीसही बघणाराच आहे, मास्तरही बघणारा. आणि माझा जोशी बोलणारा. 'शाळा'विषयीचं माझं मत बदललेलं नाही, पण सिनेमावरचा राग आता नाही.

काल कट्ट्यावर विचारलं. 'बनगरवाडी'वर एकमत झालं. पोरांनी एक अट घातलीय: निम्मे लोक आधी पुस्तक वाचतील, निम्मे आधी सिनेमा बघतील, आणि मग बोलायचं. चिठ्ठ्या टाकून गट पाडणार.

होटगी_रोड

मी चिठ्ठी उचलणार नाही. मी पुस्तकवाल्यांत.

भीमाकाठ

कल्पना चांगली, पण जे आधी सिनेमा बघतील त्यांनी महिनाभर तोंड उघडायचं नाही. दुष्काळाचा भाग कुणी आधीच सांगितला तर पुस्तकवाल्यांचं नुकसान आहे.

सात_रस्ता

सिनेमावाल्यांनी तोंड बंद ठेवायचं आणि पुस्तकवाल्यांनी बोलत सुटायचं, हा कुठला न्याय? नियम दोघांना सारखा.

ग्रंथपाल_काकू

प्रती किती लागतील ते कळवा. दोन माझ्याकडे घरी आहेत. एकीची पानं सुटलीत, ती मी शिवून देते. बाकीच्या वाचनालयातून काढता येतील.

पद्मनगर

मी येतो, अम्मालाही आणतो. ती कुठल्याच गटात बसणार नाही, तिला मी वाचून दाखवेन.

सांगोला_डाळिंब

माझ्या मामाच्या वस्तीवर एक धनगर आजोबा आहेत. मेंढरं घेऊन चार चार महिने रानोमाळ हिंडलेले. त्यांनी हे पुस्तक वाचलेलं नाही आणि सिनेमाही बघितलेला नाही. माडगूळकरांनी मेंढरांचं, पावसाचं, वस्ती सोडण्याचं जे लिहिलंय ते कसं होतं, हे त्यांच्याकडून ऐकायचं असेल तर रविवारी त्यांना गाडीनं घेऊन येतो. ओव्याही म्हणतात. फक्त जिना चढवत नाही त्यांना.

दक्षिण_कसबा

जरूर आणा. गच्ची रद्द, खाली पार्किंगमध्ये सतरंज्या टाकतो. जेवणाचं काय ते इथंच ठरवू या.